अण्णांची सुरगाठ

माझ्या वडिलांना, अण्णांना, तिरडी फार चांगली बांधता यायची. हे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस जरा मागे सरकतो. सरकू दे. कुणाचे वडील पेटी वाजवतात, कुणाचे बुद्धिबळात बक्षिसं मिळवतात आणि त्यांची मुलं ते मिरवतात. माझ्या वडिलांना हे यायचं. त्याचा मला अभिमान आहे हे कळायला मात्र मला न्यूझीलंडमध्ये, लोअर हटमधल्या आमच्या गॅरेजपर्यंत जावं लागलं.

नीरेच्या काठावर आमचं तालुक्याचं गाव. तिथल्या एका कापडदुकानात अण्णांनी चाळीस वर्षं नोकरी केली. गावात कुणी गेलं की त्या घरचं एखादं माणूस पांढरं कापड न्यायला दुकानात येई. अण्णा हातातला लोखंडी मीटर खाली ठेवत, कापड न मोजता अंदाजाने फाडत आणि त्या माणसाबरोबरच चालू लागत. दुकानाच्या पायरीवर शिवणयंत्र टाकून बसणारे टेलरकाकाही हातातला अर्धामुर्धा ब्लाउज तसाच सोडून उठत. मालकाने दोघांना कधी अडवलं नाही. अण्णा बांधायचे आणि टेलरकाका पुढचा उजवा खांदा द्यायचे. गावाच्या पलीकडच्या वस्तीत मात्र त्यांना कधी कुणी बोलावलं नाही आणि तेही कधी आपणहून गेले नाहीत, हेही सांगून टाकते. गावाचे नुसते गोडवे गाणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो.

त्या दोघांचं आपसात ठरलेलं होतं. जो मागे राहील त्याने दुसऱ्याची बांधायची. टेलरकाका चहा पिता पिता म्हणायचे, "तू आधी गेलास तर माझी पंचाईत. मला तुझी ती गाठ काही येत नाही. त्यापेक्षा मीच आधी जातो." आई हे ऐकून आतून ओरडायची, "तिन्हीसांजेचं काय अभद्र बोलताय!" मग तीच सगळ्यांच्या आधी गेली. तिचीही अण्णांनीच बांधली. मी दारात उभी राहून त्यांची पाठ बघत होते. बायकांनी तिकडे फिरकायचं नसतं, म्हणून हात काय करत होते ते मला दिसलं नाही.

त्यानंतर वर्षभराने मी अण्णांना लोअर हटला आणलं. दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. मी हॉस्पिटलच्या औषधविभागात फार्मासिस्ट होते, नवरा रोज ट्रेनने वेलिंग्टनला नोकरीला जायचा आणि मुलगी सात वर्षांची होती. व्हिसा सहा महिन्यांचा होता. पण अण्णांना आता परत पाठवायचं नाही असं मी मनातल्या मनात पक्कं केलं होतं. त्यांना एकदा छातीत दुखून गेलं होतं. गावात ते एकटे, स्वतःच्या हाताने भात शिजवून खाणार आणि मी इथे बसून फोनची वाट बघणार, हे मला नको होतं.

मी स्वभावाने वाद घालणारी. अण्णांना ठेवून घ्यायचं तर त्यांना पटवायला हवं, म्हणून मी पहिल्या दिवसापासून सुरू केलं. "अण्णा, हवा बघा. धूळ नाही, हॉर्न नाही. नळाचं पाणी सरळ प्यायचं. डॉक्टर तुमचं नीट ऐकून घेतो. बसचा ड्रायव्हरसुद्धा 'किया ओरा' म्हणून नमस्कार करतो. क्वालिटी ऑफ लाइफ म्हणतात ती हीच ना?"

अण्णा ऐकून घ्यायचे. पाणी खरंच गोड आहे म्हणायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "इथं माणूस गेलं की कुणाला बोलावतात?"

"कंपनी असते. फोन करायचा."

"फोन केल्यावर?"

"ते गाडी घेऊन येतात आणि नेतात. सगळं तेच करतात."

"ते म्हणजे कोण? ओळखीचे?"

"नाही हो अण्णा. त्यांचं कामच असतं ते."

मागच्या कुंपणाला लागून बांबूचं एक बेट होतं. शेजारच्या आवारात घुसतं म्हणून मी त्याला रोज शिव्या द्यायचे. खिडकीतून तिकडे बघत ते म्हणाले, "कळक चांगला आहे हा. सरळ आहे."

आमच्या रस्त्यावर, चार घरं सोडून, एक गोरा म्हातारा एकटाच राहायचा. अण्णा सकाळी फिरायला निघाले की तो गेटशी उभा असायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण हा हात वर करायचा, तोही करायचा. एकदा त्याने अण्णांना झाडावरची लिंबं दिली. अण्णांनी त्यांचं लोणचं घातलं आणि बाटली भरून नेऊन दिली. ते त्याने खाल्लं की टाकलं, देव जाणे.

मग एका सकाळी तो दिसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला, दोन गेले. अण्णा रोज येऊन सांगायचे, "आज पण नव्हता." मी म्हणायचे, गेला असेल मुलाकडे. मला घाई असायची. शेवटी कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घ्यायला गेले असताना दुकानदारीणबाईने सहज सांगितलं की तो म्हातारा वारला, तीन आठवडे झाले.

मी घरी येऊन सांगितलं. अण्णा खुर्चीत होते ते उभे राहिले. "तीन आठवडे? चार घरांवर मयत झालं, आणि मी इथं आंघोळ करून नाश्ता करत बसलो?"

"अण्णा, आपल्याला कुणी सांगितलंच नाही."

"सांगायला कशाला लागतंय?" ते इतके चिडलेले मी क्वचितच पाहिले होते. "कळायला पाहिजे होतं. मी रोज बघत होतो की नाही?"

त्यांनी ठरवलं की भेटायला जायचं. उशीर झाला तरी चालेल. मी म्हटलं, घर बंद आहे, तिथे कुणी नाही. पण त्या रविवारी आम्ही बाजारातून परत येत होतो तर त्या घरासमोर सात-आठ गाड्या उभ्या होत्या. दार सताड उघडं. दारात सूट घातलेला एक माणूस गंभीर चेहऱ्याने येणाऱ्या-जाणाऱ्याशी हलक्या आवाजात बोलत होता. दाराबाहेर बुटांची रांग होती, कारण आत नवा गालिचा टाकला होता.

मला बघताक्षणी कळलं. घर विकायला काढलं होतं. इथे अशी घरं रविवारी अर्धा तास उघडी ठेवतात, ज्याला घ्यायचं तो बघून जातो. मी तोंड उघडणार एवढ्यात अण्णा गाडीतून उतरले होते. त्यांनी चपला काढल्या, टोपी सारखी केली आणि आत शिरले.

मी मागे धावले. सूटवाल्याने माझं नाव आणि फोन नंबर एका वहीत लिहून घेतला. तोवर अण्णा बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून खाली मांडी घालून बसले होते. मान खाली, हात मांडीवर. आपल्याकडे मयताच्या घरी बसतात तसे. त्यांच्या आजूबाजूने लोक कपाटं उघडून बघत होते. एक तरुण जोडपं खिडकीला टेप लावून पडद्याचं माप घेत होतं. एक बाई अण्णांना वळसा घालून पुढे गेली आणि माझ्याकडे बघून कसनुसं हसली. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं होतं. अण्णांनी एकदा मान वर करून त्या जोडप्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

दहा-पंधरा मिनिटं ते तसेच बसले. मग उठले आणि कुणाचा निरोप न घेता सरळ बाहेर पडले. मयताच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. सूटवाला मागून "थँक्स फॉर कमिंग" म्हणाला.

घरी येऊन अण्णा दारात म्हणाले, "बरीच माणसं आली होती."

आता खरं सांगायचं की नाही? मी सांगायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात व्हिसा वाढवायचे कागद भरायचे होते आणि अण्णा सहीला टाळाटाळ करत होते. मी म्हटलं, "हो ना अण्णा. इथेही येतात माणसं. तुम्हालाच उगाच वाटतं की इथे कुणाला कुणाचं काही नसतं."

अण्णांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. म्हणाले, "आण तो कागद."

सहा महिने वाढवून मिळाले. मी खुशीत होते. अण्णांच्या गोळ्या मी स्वतः आठवड्याच्या डबीत भरायचे, त्यांचं ब्लड प्रेशर छान आलं होतं आणि डॉक्टर म्हणाला होता की तब्येत दहा वर्षांनी तरुण झाली आहे. मुलगी त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची, ते तिच्याशी मराठीत, आणि दोघांचं मस्त जमायचं. पण सकाळी फिरायला जाताना अण्णा आता रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जायचे.

त्या वाढीव मुदतीच्या चौथ्या महिन्यात, एका शनिवारी दुपारी फोन वाजला. नवरा ऑफिसच्या कामाने ऑकलंडला गेला होता. मी मागे कपडे वाळत घालत होते. फोन अण्णांनीच घेतला. पलीकडे कापडदुकानाच्या मालकाचा मुलगा होता. तिकडे नुकतं उजाडत होतं. टेलरकाका पहाटे गेले होते.

मी आत आले तेव्हा अण्णा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून विचारत होते, "किती वाजता उचलणार? दहा? बरं. बांधतंय कोण?" पलीकडून काहीतरी सांगितलं गेलं. "गाडी? कसली गाडी? अरे, चार पावलांवर घाट आहे." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले, आणि फोन ठेवला.

मी म्हटलं, "अण्णा, बसा. पाणी देते." ते म्हणाले, "करवत कुठं आहे तुझी?"

मला वाटलं, मन रमवायला काहीतरी करत असतील. मी करवत काढून दिली आणि उरलेले कपडे वाळत घालायला गेले. बेटातून बांबू कापल्याचे आवाज येत होते. अर्ध्या तासाने गॅरेजमध्ये डोकावले तर त्यांनी दोन लांब बांबू जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले होते आणि आडव्या काठ्या मोजून मांडत होते.

माझं डोकंच फिरलं. "अण्णा! हे काय चालवलंय? घरात लेकरू आहे! जितंजागतं घर आहे हे!"

त्यांनी मान वर केली नाही. "तिकडं दहाला उचलतील. म्हणजे इथं किती?"

"साडेचार," मी सवयीने सांगितलं.

"मग वेळ थोडा आहे. दोरी बघ. ही निळी नको, नायलॉन धरत नाही."

तरी रागारागाने मी बागेच्या सामानातलं सुतळीचं बंडल शोधून आणलं. का आणलं ते मला सांगता येणार नाही. अण्णा म्हणाले, "धर इथं."

मी धरलं. आयुष्यात पहिल्यांदा. आमच्या गावात हे कधीच झालं नसतं. तिथे मला कुणी दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. तिथे चार माणसं असती, मुलगे असते, पुतणे असते. इथे अण्णांना धरायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, म्हणून ते मला दाखवत गेले. डोक्याकडची बाजू चार बोटं जास्त रुंद ठेवायची आणि पायाकडची अरुंद. आडव्या काठ्या नऊ. खांद्याखाली दोन जवळजवळ घ्यायच्या, कारण भार तिथे असतो. सुतळीचे फुलीसारखे तीन वेढे घालून शेवटी सुरगाठ मारायची, निरगाठ नाही.

"सुटणार नाही का वाटेत?" मी विचारलं.

"वजन आल्यावर आवळते. आणि टोक ओढलं की सुटते. तिथं पोचल्यावर माणूस मोकळा करायचा असतो. लोक निरगाठी मारतात आणि मग कोयत्याने कापत बसतात. बरं दिसत नाही ते." मग म्हणाले, "याला मी वीस वर्षं शिकवत होतो. शिकला नाही. म्हणायचा, तू आहेस की."

पहिल्या दोन गाठी माझ्या चुकल्या. त्यांनी सोडून परत मारायला लावल्या. शेवटच्या चार मी एकटीने मारल्या आणि त्यांनी बोट घालून तपासल्या.

मुलगी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी स्लिपर, फटफटवत आली. "वॉट आर यू मेकिंग, आजोबा? इज इट अ लॅडर?"

"काय म्हणतीय?"

"शिडी आहे का विचारतेय."

"हो म्हणावं," अण्णा म्हणाले. ती समाधानाने टीव्हीकडे परत गेली.

साडेचार वाजले तेव्हा अण्णांनी टोपी नीट केली. वाकून पुढचा उजवा दांडा खांद्यावर घेतला. टेलरकाकांचा खांदा तो. म्हणाले, "तू मागं धर." मी मागचे दोन्ही दांडे हातात धरले. ती रिकामी तिरडी घेऊन आम्ही गॅरेजमधून निघालो आणि कपडे वाळत घालायच्या तारेखालून बेटापर्यंत गेलो. वीस-पंचवीस पावलं असतील. शेजारच्या अंगणात कुणीतरी गवत कापायचं मशीन चालवत होतं. अण्णांनी तिरडी खाली ठेवली आणि एकेक टोक ओढत अठराच्या अठरा गाठी सोडल्या. शेवटची सुटली तेव्हा ते मटकन खाली बसले आणि रडले. मी त्यांना आईच्या वेळीही असं रडताना पाहिलं नव्हतं. मला त्यांच्याजवळ बसावंसं वाटलं आणि मी बसले.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "मला सोड आता."

मी दोन दिवस वाद घातला. तब्येत, एकटेपण, औषधं, सगळं पुन्हा सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "एक राहिला माझ्या हातून. आणखी कोणी राहू नये." तिसऱ्या दिवशी मी तिकीट काढलं.

विमानतळावर बॅग तपासून झाली, आत जायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो होतो. माझ्या मनात ते रविवारचं खोटं टोचत होतं. मी म्हटलं, "अण्णा, त्या म्हाताऱ्याच्या घरी आपण गेलो होतो ना, ते लोक..."

"घर बघायला आले होते," अण्णा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"माप घेत होते की पडद्याचं. चाळीस वर्षं कापड मोजलं मी. माप घेणारा माणूस मला कळत नाही होय?"

"मग सही का केलीत?"

त्यांनी समोरच्या काचेतून विमानांकडे पाहिलं. म्हणाले, "तू इतकं रेटून खोटं बोललीस. म्हटलं, हिला मी फारच पाहिजे आहे." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून आत निघून गेले.

म्हणजे त्यांना माहीत होतं. माहीत असून ते माझ्यासाठी राहिले आणि त्या राहण्यातच त्यांचा सोबती त्यांच्यावाचून गेला. हे मी कुणाकडे बोलले नाही. अजून कधी कपडे वाळत घालताना मधेच हात थांबतो आणि तेच आठवतं.

गावी ते दोन वर्षं जगले. माझ्या हिशेबी तिथे सगळं वाईट होतं. पाणी दिवसाआड यायचं, दवाखाना लांब होता. फोनवर आवाज मात्र खणखणीत यायचा. एकदा हसत म्हणाले, "आता मला कोणी बोलावत नाही गं. नगरपालिकेची गाडी झाली ना. स्टीलचं स्ट्रेचर, आत पंखा. पोरं म्हणतात, आजोबा तुम्ही कशाला त्रास घेता." मी विचारलं, मग दिवसभर काय करता? म्हणाले, "जातो आपला. गाडीच्या मागं चालत जातो. तेवढ्यात गाडी पोचलेली असते." आणि मग हसणं थांबवून म्हणाले, "मला त्या गाडीतून नेऊ नका म्हणावं. चार माणसं बघा आणि बांधून न्या. एवढं बघ." मी म्हटलं, "हो अण्णा, बघते." असं आपण म्हणतो. काही वाटत नाही तेव्हा.

तो एप्रिल होता. मी हॉस्पिटलमध्ये गोळ्या मोजत होते, पाच-पाचने. चार वाजायला आले होते. चुलतभावाचा फोन आला. अण्णा सकाळी अंगणात तुळशीला पाणी घालताना बसले ते उठलेच नाहीत.

"ताई, तुला यायला किती लागेल?"

वेलिंग्टनहून ऑकलंड, तिथून सिंगापूर, मग मुंबई आणि पुढे गाडीने गाव. मी मनात मोजलं. "उद्या रात्र होईल."

"ऊन फार आहे गं, ताई. ठेवता येणार नाही."

"ठेवू नका," मी म्हटलं. माझा आवाज मलाच औषधाचा डोस सांगतानाच्या आवाजासारखा वाटला. "बांधतंय कोण?"

"आता कोण बांधतं? गाडी बोलावलीय. तू काळजी करू नको, सगळं रेडी असतं त्यात."

"गाडी नको. त्यांनी नको म्हणून सांगितलंय. ऐक, मी सांगते तसं कर. सरळ दोन बांबू घे. आडव्या नऊ. डोक्याकडे रुंद ठेव. सुतळीचे तीन वेढे फुलीसारखे घाल आणि मग..." गाठ तोंडाने सांगता येत नाही. मी एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने हवेत बोटं फिरवत होते आणि माझ्याबरोबरची फार्मासिस्ट काम थांबवून माझ्याकडे बघत होती. "टोक आत घाल, पूर्ण ओढू नकोस, फास ठेव. ऐकतोयस ना?"

"हो, हो ताई," तो म्हणाला. त्याच्या मागे खूप आवाज होते. "पण बांबू आता कुठून आणू? आणि खरं सांगू का, पोरांना येत नाही गं यातलं काही. गाडी दारात येऊन उभी राहिलीय."

मग तो कुणाला तरी "आलो, आलो" म्हणाला आणि फोन बंद झाला.

घरी येऊन मी बॅग भरली. निघताना गॅरेजमधलं सुतळीचं बंडल उचलून पर्समध्ये टाकलं. विमानात बसायच्या आधी ते सगळं होऊन गेलेलं असणार, हे मला माहीत होतं. तरी टाकलं.

गावी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. शेजारच्यांनी पिठलंभात आणला होता, काकूने मला पोटाशी धरलं आणि तीन दिवस मला एकटं म्हणून कुणी सोडलं नाही. लोअर हटला माझ्यासाठी इतकी माणसं कधी जमली नसती, हे मी मान्य करते. चुलतभाऊ मला समजावत होता, "काही कमी पडू दिलं नाही, ताई. वीस मिनिटांत घाटावर. उन्हाचा कुणालाच त्रास नाही."

"खांदा कुणी दिला?"

तो गोंधळला. "चाकं असतात गं त्याला. ढकललं की आत जातं."

त्या गावातली निम्मी माणसं माझ्या वडिलांनी आपल्या खांद्यावरून नेली होती. मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "मला येत होतं. मला शिकवलं होतं त्यांनी." काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत हळूच म्हणाली, "येऊन काय उपयोग, बाई? तू इथं असतीस तरी तुला कुणी हात लावू दिला असता का?"

खरंच होतं ते. ज्या घरात मला गाठ शिकता आली, तिथे अण्णांसाठी ती मारायची वेळच आली नाही. आणि जिथे ते गेले तिथे मी असते तरी मला दारातच उभं केलं असतं. लोक मला अजून विचारतात, तिकडचं आयुष्य चांगलं की इथलं. पूर्वी मी तासभर बोलायचे. आता मी विषय बदलते.

चौदा दिवसांनी परत आले. ऑकलंडला उतरल्यावर झाडापाल्याच्या वस्तू दाखवाव्या लागतात म्हणून मी सुतळीचं बंडल टेबलावर काढून ठेवलं. तपासणीचा अधिकारी तरुण होता, हसतमुख. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. वरचं कागदी लेबल तसंच होतं, इथल्याच दुकानातलं.

"हे तुम्ही इथून तिकडे नेलंत आणि परत आणलंत?" त्याने इंग्रजीत विचारलं. "कशासाठी नेलं होतं?"

"वडिलांसाठी," मी म्हटलं.

"मग त्यांना लागलं नाही वाटतं?"

"लागणार होतं," मी म्हटलं. "मी वेळेत पोचले नाही."

त्याला काही समजलं नसावं. त्याने बंडल माझ्या हातात परत दिलं, इथल्या पद्धतीने "स्वीट अ‍ॅज", म्हणजे सगळं ठीक, म्हणाला आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.